गावच्या जावयाचं पिस्तूल

"एक चांगलं पिस्तूल दाखवा," असं म्हणत दुकानात आलेल्या माणसाला मी लगेच पिस्तूल दाखवत नसे. आधी विचारायचो, "आंघोळीला बसलात की हे कुठं ठेवणार?" माणूस गोंधळायचा, हसायचा, एखादा चिडायचाही. "मेजर, तुम्ही विकायला बसलाय का अडवायला?" असं आमचे मालकसुद्धा अधूनमधून विचारत. पण तो प्रश्न मी शेवटपर्यंत सोडला नाही. कमरेला शस्त्र लावायला निघालेला माणूस एकाच गोष्टीचा विचार करून आलेला असतो, की कुणी अंगावर आलं तर काय करायचं. अंगावर सहसा कुणी येत नाही. आंघोळ रोज असते, न्हाव्याची खुर्ची महिन्याला असते, लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसावं लागतं, सासुरवाडीला पोरं मांडीवर येऊन बसतात. त्या प्रत्येक वेळी ते पाऊण किलोचं लोखंड कुठं असणार, हे ज्याला सांगता येत नाही त्यानं ते घेऊ नये, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

मी उंब्रजचा. सैन्यात आर्मरर होतो, म्हणजे लढणाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करणारा. हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला इलाज नाही. पेन्शन सुरू झाल्यावर साताऱ्यात एका शस्त्रांच्या दुकानात कामाला लागलो आणि बावीस वर्षं तिथंच काढली. मागच्या खोलीत दुरुस्ती आणि पुढच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला शस्त्र निवडून देणं, ही माझी दोन कामं. दोन्ही मला चांगली येत होती. हे सांगायला लाजत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे त्याची लाज पुरेशी आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पैसे टाकले की पिस्तूल मिळतं. तसं नसतं. आधी कलेक्टर कचेरीचा परवाना, त्याआधी पोलिसांची चौकशी, आणि त्याच्याही आधी कारण. "भीती वाटते" एवढं कारण पुरत नाही, कुणाची आणि कशापायी ते सांगावं लागतं. परवाना मिळाला तरी हातात यायचं ते बत्तीस बोअरचं. सिनेमात दिसतं ते सैन्याचं आणि पोलिसांचं, ते आपल्याला नाही, हे ऐकून निम्म्या लोकांची तोंडं दुकानातच उतरायची. मग प्रश्न उरतो तो रिव्हॉल्व्हर की पिस्तूल. रिव्हॉल्व्हर साधं, सहा घरांचं, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही, पण कमरेला फुगतं. पिस्तूल चपटं, शर्टाखाली लपतं, पण त्याला सराव लागतो आणि वरचा भाग मागं ओढायला दुसरा हात लागतो. मी गिऱ्हाइकाचा पंजा माझ्या हातात घेऊन बघायचो. जोडा घेताना पाय मोजतात, मग हात का मोजू नये? आमच्याकडच्या कुळव धरलेल्या बोटांना ती चापाची कडी पुरतच नाही. अशा माणसाला मी सरळ सांगायचो, तुमच्या हाताला हे नाही, बारा बोअरची बंदूक घ्या आणि घरात ठेवा.

आणि कंबर. त्याबद्दल कुणीच विचार करून येत नसे. कऱ्हाडकडच्या एका सरपंचांना मी परोपरीनं सांगितलं की पायजम्याला पट्टा नसतो, नाडी असते, तिच्यावर रिव्हॉल्व्हर लावू नका. ऐकलं नाही. सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला आणि सरपंच सलामीला ताठ झाले, तसा पायजमा खाली निघाला. झेंड्याला सलामी उजव्या हातानं आणि पायजमा डाव्या हातानं, असं सबंध राष्ट्रगीत त्यांनी काढलं. दुसऱ्या दिवशी पॅन्ट घालून पट्टा घ्यायला आले. मी फक्त पट्टा दाखवला.

दुसरा एक पुढाऱ्याच्या मागं फिरणारा. त्याला शस्त्र दिसायला पाहिजे होतं, पण मुद्दाम दाखवतोय असं वाटायला नको होतं. परवाना काही त्याला मिळत नव्हता. मी म्हटलं, "गड्या, तू नुसतं चामड्याचं पाकीट घेऊन जा आणि त्यात मक्याचं कणीस घाल. शर्टाखाली फरक कळत नाही." मी चेष्टेनं बोललो होतो. त्यानं खरोखर पाकीट नेलं आणि दोन वर्षं रिकामंच मिरवलं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत शहाणा तोच निघाला, असं आता वाटतं.

आता संपतरावांचं सांगतो. नावं बदलली आहेत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळलं तर बरं होईल असंच मनात आहे.

कडेगाव, विटा या बाजूला घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात असतो. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करणं. त्यासाठी ही माणसं पार कुठच्या कुठं जाऊन, ज्या मुलखातली भाषा येत नाही तिथं भट्टी पेटवून बसतात. संपतराव कडेगावजवळचे. दक्षिणेत एका शहरात त्यांनी अठरा वर्षं भट्टी लावली. एके दिवशी भर दुपारी तिघांनी त्यांना त्यांच्याच दुकानात खुर्चीला बांधलं आणि दुकान धुऊन नेलं. त्यानंतर ते बायकोला घेऊन गावी परतले. ऊस होता, घर होतं. भाच्याचं विट्यात दुकान होतं, त्याची चांदी इकडून तिकडं पोचवायचं काम त्यांनी धरलं. परवान्याला कारण भक्कम होतं.

त्यांची बायको शालन आमच्या उंब्रजची. आमच्या आणि तिच्या घरात एकच भिंत. तिला भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला ती लहानपणापासून मलाच ओवाळायची. म्हणजे संपतराव आमचे जावई, आणि नुसते माझे नव्हेत, अख्ख्या आळीचे. जावई हा दहावा ग्रह, त्याला कुणी तोंडावर बोलत नाही. जवळ सांगलीत शस्त्रांची दुकानं असताना ते साताऱ्याला माझ्याकडं आले ते याच नात्यानं.

"मेजर, तुमी निवडाल त्ये घेनार," म्हणाले.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. आंघोळीला बसल्यावर कुठं ठेवणार?

"आंगुळ सोडीन, पन ह्ये सोडनार न्हाई."

दुकानात सगळे हसले. मालक हसले, मीही हसलो. ते हसत नव्हते. मग हळू आवाजात म्हणाले, "दोन तास बांधून घातलं हुतं मला. काचंच्या बाहीरनं लोकं जात हुती. एकानंबी आत बघितलं न्हाई."

दुसरा कुणी असता तर त्याला मी चार महिन्यांनी यायला सांगितलं असतं. असं मी पुष्कळांना सांगितलेलं आहे, आणि पुष्कळ जण परत आलेच नाहीत. पण हे जावई होते. मी त्यांचा पंजा बघितला. आम्लानं बोटांची कातडी गुळगुळीत झालेली, पण बोटं लांब आणि पकड घट्ट. पिस्तूल त्यांच्या हातात मापून केल्यासारखं बसलं. कमरेला उजव्या बाजूला, पट्ट्याच्या आतून, शर्ट बाहेर सोडला की दिसतही नव्हतं. कसं ठेवायचं, कसं साफ करायचं, घरात शिरताना गोळ्या कशा वेगळ्या करायच्या, सगळं शिकवलं. शिकायलाही हुशार होते.

नव्यानं शस्त्र लावणाऱ्या माणसाचा हात पहिला महिनाभर सारखा कमरेला जातो. आहे ना, पडलं नाही ना, एवढंच चाचपायचं असतं. महिन्याभरात ती सवय जाते आणि मग त्याला शस्त्राचा विसर पडतो. ज्याची ती सवय जात नाही त्याच्याविषयी मी मनातल्या मनात खूण करून ठेवायचो. वर्षभरानं संपतराव उंब्रजच्या जत्रेला आमच्याकडं जेवायला आले. भिंतीला पाठ लावून बसले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तसा त्यांचा हात कमरेला गेला. माझ्या बायकोनं वाढता वाढता माझ्याकडं बघितलं. मी भाजी वाढ म्हणून सांगितलं आणि विषय बदलला.

पुढच्या दिवाळीत विधानसभेची निवडणूक आली. आचारसंहिता लागली की ज्याच्याकडं परवाना आहे त्याला शस्त्र जमा करण्याची नोटीस निघते. कुणी पोलीस ठाण्यात ठेवतं, कुणी आमच्यासारख्या दुकानात. निकाल लागून वरून कागद आला की ज्याचं त्याला परत. त्या दोन महिन्यांत आमच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. शस्त्र ठेवायला येणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असत. काही जण मुलगी सासरी घालवल्यासारखे चार-चार सूचना देऊन जात. काही जण पावती खिशात टाकली की खांदे हलवत असे बाहेर पडत, की कळायचं, सुटलं बिचारं. संपतराव पिस्तूल ठेवून गेले तेव्हा दारात दोनदा थांबले.

भाऊबीजेला शालन उंब्रजला आली. दुपारची वेळ होती. तिनं ओवाळलं, मी ताटात नोट टाकली. तिनं ती उचलली आणि माझ्या हातात परत दिली.

"ह्ये नको दादा. दुसरं मागायचं हाय."

माझी बायको आत गेली. बायकांना कधी आत जायचं ते बरोबर कळतं.

"त्यास्नी त्ये परत दिऊ नगासा," शालन म्हणाली.

मी म्हटलं, "कागद आला की द्यावंच लागतं. त्यांचं आहे ते. काय झालं?"

"धाकट्या दिरावर काढलं त्यांनी. हिरीवरल्या मोटारीची पाळी कुनाची यवड्यावरनं. दीर हसत बोलत हुता, ह्यास्नी वाटलं आंगावर आला. मी मदी उबी ऱ्हायले दादा. माज्या छातीला लागलं त्ये. गार लागलं."

"दिराला कळलं?"

"कुनाला न्हाई कळलं. दीर म्हनतुय भावानं चेष्टा केली. पन मी डोळं बघितल्यात त्यांचं."

"पोलिसांत एक अर्ज दे. परवाना रद्द करतील."

"नवऱ्यावर अर्ज दिऊ? आन् मग ऱ्हाऊ कुठं? तुमच्यात?" ती रागानं बोलली नाही, खरंच विचारत होती.

तिनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "मग द्या परत. पन उडू नये आसं करून द्या. तुमास्नी येतंय की त्ये."

"शालन, असं करत नसतात."

"ओवाळनी मागतीय, दादा. आजवर कवा मागितली न्हाई."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटलं. संपतरावांसमोर बसून, "पाव्हणं, राग मानू नका, पण तुम्ही शस्त्र बाळगायच्या लायकीचे नाही, ते द्या आणि डॉक्टरकडं चला," असं सांगणं हे खरं काम होतं. ते माझंच होतं, कारण शस्त्र मी निवडून दिलं होतं. पण जावयाला कोण बोलणार? त्यापेक्षा मागच्या खोलीत बसून काम उरकणं सोपं. पिस्तुलात गोळीच्या बुडावर टोचणारी एक छोटी पिन असते. तिचं टोक मी कानशीनं घासलं, तांदळाच्या कणीएवढं. चाप ओढला की आवाज तोच, धक्का तोच, फक्त पिन गोळीपर्यंत पोचत नाही. बाहेरून कुणाला ओळखू येण्यासारखं नव्हतं. पाच मिनिटांचं काम. जे तोंडानं सांगायचं ते मी कानशीनं सांगितलं, आणि ज्याला सांगायचं त्याला ते कळलंच नाही.

फौजेत असताना एका शिकाऊ कारागिराकडून पिन उलटी बसली होती, तेव्हा मी त्याला अख्ख्या वर्कशॉपसमोर झाडला होता. "यावर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो," असं ओरडलो होतो. ते त्या दिवशी मला आठवलं आणि तरीही मी काम पुरं केलं.

निवडणूक झाली, कागद आला, संपतराव पिस्तूल न्यायला आले. रिकामं करून माझ्यासमोर चाप ओढून बघितला. टक्क. समाधानानं मान हलवली. "अंगात जीव आला मेजर," म्हणाले. मी पावतीवर सही घेतली. सही घेताना पेन चालेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातलं दिलं.

संक्रांतीनंतर शालनचा फोन आला. बरं चाललंय म्हणाली. मोटारीवरून परत एकदा वाजलं, पण ती आत निवांत भाकरी करत बसली होती. "आता भ्या न्हाई," म्हणाली. मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, मी शहाणा आहे असंही वाटलं. साप मेला आणि काठीही मोडली नाही, असं मी माझ्या बायकोला सांगितल्याचं मला स्पष्ट आठवतं. ती ताटं उचलून आत गेली होती.

उन्हाळ्यात एका दुपारी संपतरावांच्या भाच्याचा फोन आला. मामांना कऱ्हाडला दवाखान्यात ठेवलंय, या.

ते शुद्धीवर होते. उजवा हात कोपरापासून पुढं पांढऱ्या गुंडाळीत. मला बघून आनंदले, आणि सगळं त्यांनी आपणहून सांगितलं. चांदीची पिशवी घेऊन ते गाडीतून विट्याकडं चालले होते. रस्त्यात दोन मोटारसायकली आडव्या आल्या, चार पोरं, हातात गज.

"पिशवीच मागत हुती मेजर. भाच्यानं आधीच सांगितल्यालं, काय झालं तर सोडून द्या मामा, इमा हाय. मागं दुकानात दिलंच हुतं की सगळं. पन कमरंला ह्ये आसताना पिशवी कशी द्यायची?"

मी त्यांची चादर सारखी केली.

"खाली उतरलो. बाहीर काढलं. तुमी शिकिवल्यालं तसंच, मागं वडलं, दाबलं. टक्क. परत वडून नवी गोळी घेतली, दाबलं. परत टक्क. त्यातला एक पोरगा हासला बगा." इथं त्यांचा आवाज बदलला. "हासला आन् मग हातावरच घातला गज. दुसरीकडं कुठं न्हाई. हातावरच."

तीन बोटं गेली होती. मनगट बसेल पण सरळ बसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आटलेल्या चांदीची मूस चिमट्यात धरून अलगद ओतणारा हात होता तो.

"गोळी सादळली आसंल, न्हाई?" त्यांनी विचारलं. "पावसाळ्यात पापड सादळतुय तशी?"

"असेल," मी म्हणालो.

"दोन्ही?"

"एकाच डब्यातल्या होत्या."

हे मी बोललो. दवाखान्यात, त्या माणसाच्या उशाशी बसून बोललो. त्यांनी मान हलवली आणि पोलिसांनी पिस्तूल खोलून बघितलं तर काय, या माझ्या धास्तीचंही त्यांनीच निरसन केलं: पोलिसांनी पिस्तूल नेलं होतं, पण गोळी उडालीच नसल्यामुळं तेवढं लिहून घेऊन परत देणार होते. त्या आठवड्यात मला झोप नव्हती. पिन कुणाच्या तरी नजरेला पडावी असंही वाटत होतं आणि पडू नये असंही. पडली नाही.

शालन खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. मी निघालो तेव्हा तिच्याजवळ थांबलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तिनं तांब्या उचलला आणि पाणी आणायला बाहेर गेली. तांब्या भरलेलाच होता.

तेव्हापासून मी हाच हिशोब मांडत बसतो, आणि दर वेळी तो तिथंच येऊन अडतो. चालणारं पिस्तूल असतं तर कदाचित एखादं पोर मेलं असतं, कदाचित त्याआधीच धाकटा दीर मेला असता, कदाचित शालन. काहीच नसतं तर संपतरावांनी पिशवी दिली असती आणि हात शाबूत राहिला असता. त्यांच्याकडं शस्त्र असणं किंवा नसणं, दोन्हीतून ते काहीतरी निभावून गेले असते. मी त्यांना ज्या भरवशावर गाडीतून खाली उतरवलं, तो भरवसाच खोटा होता. चोरांनी हात मोडला हे खरं, पण त्या हाताला त्यांच्यासमोर उभं मी केलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगायला गेलो, पण तिला न सांगताच माहीत होतं.

पाच महिन्यांनी दोघं दुकानात आले. सकाळची वेळ, मालक बाहेर गेलेले. शालन बाकावर बसली. संपतरावांनी डाव्या हातानं जुनं पिस्तूल काउंटरवर ठेवलं. उजवा हात खिशात होता.

"ह्ये इकून टाका मेजर. आन् डाव्या हाताला जमंल आसं एखादं बगा."

मी पिस्तूल आत नेलं. खोलून बघितल्यासारखं केलं आणि नवी पिन बसवली. बाहेर येऊन सांगितलं की यात दोष नाही, चांगलं आहे, कुणीतरी घेईल. मग म्हणालो, "पाव्हणं, आता कशाला? चांदी पोचवायचं कामही तुम्ही सोडलंय."

"तसं मोकळं घराबाहीर पडवत न्हाई मला."

"मग डॉक्टरला दाखवू. अशा भीतीचेही डॉक्टर असतात. मी येतो बरोबर. तुमच्याजवळ शस्त्र नको, संपतराव. मी हे आधीच सांगायला पाहिजे होतं."

वर्षापूर्वीच जे बोलायचं होतं ते अखेर माझ्या तोंडून निघालं. त्यांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. राग नव्हता.

"मेजर, त्या दिवशी ह्ये चाललं आसतं तर माजा हात आसता आज," म्हणाले. "गोळीचा दोष. तुमचा काय दोष त्यात?"

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. गोळीचा दोष नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. मी शालनकडं बघितलं. ते वाक्य बोललो तर तिचंही बाहेर येणार होतं, आणि तिला त्याच घरात जायचं होतं. निदान ती मान हलवेल, नको म्हणून खुणावेल, मग माल नाही, परवान्यात खोट आहे, काहीतरी सांगून वेळ मारून नेता येईल असं मला वाटलं. तिनं मान हलवली नाही. ती सरळ माझ्याकडं बघत होती. भाऊबीजेनंतर पहिल्यांदाच.

"द्या दादा," ती म्हणाली. "आन् ह्या खेपंला चालनारं द्या."

संपतराव मोठ्यानं हसले. "बगा मेजर! पयलं हिलाच नको हुतं. आता तीबी माज्याकडनं झाली."

मी त्यांचा डावा पंजा हातात घेऊन मोजला. माझ्याच सवयीनं मोजला. दुसऱ्या हातानं मागं ओढणं आता त्यांना शक्य नव्हतं, म्हणून रिव्हॉल्व्हर काढलं, आखूड नळीचं, हलकं. परवाना बघितला, कागद भरले. त्याच महिन्याच्या अखेरीला मी मालकांना सांगून काम सोडलं, पण त्या दिवशी काम नीट केलं. या खेपेला जे होईल ते माझ्या नावावर असावं, म्हणून दारात टांगलेल्या पाटीपेक्षा मोठ्या अक्षरात मला माझं नाव त्या पावतीवर लिहावंसं वाटत होतं.

रिव्हॉल्व्हर संपतरावांच्या हातात द्यायच्या आधी शालन बाकावरून उठली आणि काउंटरला येऊन उभी राहिली.

"त्यात त्ये टोक कुठं आसतंय?" तिनं विचारलं.

संपतरावांना मजा वाटली. "दाखवा, दाखवा तिला," म्हणाले.

मी घरं बाजूला काढली, घोडा पुढं टेकवला आणि टोक बाहेर येतं ते दाखवलं. तिनं पदर सावरला, वाकून नीट बघितलं, बोट लावून बघितलं. मग माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाली, "घ्या."